बोर्डावरचे केस

रहाटणी,
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

प्रिय पूनमताई,

तनूचा नमस्कार. दाजींनाही सांग. आईचे गुडघे कसे आहेत? फराळाचा डबा पोचला. चकल्या कुणी केल्या ते सांगायची गरज नाही, पहिलाच तुकडा मोडताना कळलं. तुझी चकली खायची म्हणजे दात घरी ठेवून बसायला हवं.

इकडे सगळे बरे आहेत. क्लिनिकला गर्दी असते. लग्नसराई तोंडावर आली की नवरदेवांना एकदम आपलं कपाळ मोठं दिसायला लागतं.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. अगं, माझा नंबर हाच आता क्लिनिकचा नंबर आहे. येणारा प्रत्येक मेसेज काउंटरच्या कॉम्प्युटरवर उघडतो, आणि तिथं हे बसलेले असतात. सोमवारी तू लिहिलंस की आपल्या मैत्रीच्या डोक्यात मागं चाई पडलीय, रुपयाएवढी जागा साफ झालीय, रविवारी तिला घेऊन येते. त्यावर तुला उत्तर आलं, 'नक्की ये ताई, आपलंच क्लिनिक आहे, पोरीचे केस बघता बघता उभे करते.' ते मी लिहिलेलं नाही. मी तेव्हा आत पेशंटसाठी चहा ठेवत होते.

तिला इथं आणू नकोस.

हेच लिहायला बसले होते आणि चकल्यांवर बोलत बसले बघ.

माझ्या कानामागं चाई पडली होती हे तुला ठाऊक आहे. हे तेव्हा क्लिनिकच्याच खटपटीत होते. आपलंच रक्त काढायचं, यंत्रात फिरवायचं आणि त्यातला ग्रोथ फॅक्टरचा भाग बारीक सुईनं डोक्यात सोडायचा. पहिलं डोकं माझं. आणि ताई, केस आले! खरंच आले. ह्यांनी अख्ख्या आळीत पेढे वाटले. शेवटचं रान विकून क्लिनिक उभं केलं आणि रावेतच्या चौकात बोर्ड लागला. डावीकडे माझी चाई, उजवीकडे माझी कमरेपर्यंतची वेणी.

त्यानंतरचं तुला माहीत नाही. केस गेले, ताई. सगळे. उशीवर, न्हाणीत, मळलेल्या कणकेत. मग भुवयाही गेल्या. व्हिडिओ कॉलवर 'कुठल्या पार्लरमध्ये करतेस गं?' म्हणून तू ज्यांचं कौतुक केलंस, त्या भुवया मी रोज पेन्सिलीनं काढते. वेणी विकतची आहे, विगची. सकाळी सासूबाई तो विग डोक्याला चिकटवतात, कडा दाबून बसवतात आणि म्हणतात, "हलू नगं. लोकं बोर्ड बघून येत्यात, मंग तुलाच बघत्यात. समदं घर तुज्यावर हाय आता."

दोन दिवाळ्या मी माहेरी आले नाही ते क्लिनिकला सुटी नव्हती म्हणून नव्हे. पहिल्या आंघोळीला आई पाटावर बसवते आणि डोक्याला तेल लावते. तिच्या हाताखाली मी काय देणार होते? तू रागानं म्हणालीस, 'मोठी माणसं झालात, आता कशाला याल.' मी ऐकून घेतलं. खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

मध्ये आमच्याकडे एक तरुण डॉक्टरबाई होत्या. हे प्रत्येक पेशंटला सांगतात ना, रानाला खत तसा केसाला ग्रोथ फॅक्टर. त्या बाईंनी ह्यांना समोर बसवलं आणि म्हणाल्या, "रविराजभाऊ, खत चांगलंच आहे. केस नुसते विरळ झालेत, तिथं बऱ्याच जणांना फरक पडतो. पण चाईत उभ्या पिकात गुरं शिरलेली असतात. आधी ती आवरायला लागतात. आणि गुरं घरचीच. शरीराची राखण करणारी शक्तीच केसांच्या मुळांना परकं समजून खायला उठते." माझे केस तेव्हा सुईनं आले की आपोआप, हेही छातीठोकपणे सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या. चाई कधीकधी आपसूकच भरते. ह्यांनी मान डोलावली. पुढच्या महिन्यात डॉक्टर बदलले.

हे वाईट नाहीत गं. वाईट असते तर बरं झालं असतं. केस जायला लागले तेव्हा माझ्याहून जास्त हेच रडले. पण बोर्ड उतरवला तर लोक विचारतील, म्हणून 'एवढं वर्ष काढू' म्हणतात. मागच्या वर्षीही हेच म्हणाले होते. आता मैत्रीचं कळल्यापासून नवा बोर्ड डोक्यात आलाय, मावशी आणि भाची. परवा छपाईवाल्याला तसं सांगत होते. मी काउंटरवर ऐकत होते, आणि समोरची बाई माझी वेणी हातात घेऊन विचारत होती, "खरेच आहेत ना हो तुमचे?" मी हो म्हणाले. रोजच म्हणते.

मैत्रीला चांगल्या त्वचेच्या डॉक्टरकडे ने. पोरीला घाबरवू नकोस, लहान चाई पुष्कळदा भरून येते. पण ती तुझं ऐकायची नाही. तिनं बोर्ड पाहिलाय, तिला मावशीसारखे केस हवेत.

म्हणून सोबत एक फोटो पाठवतेय. काल दुपारी बँकेचं निमित्त करून बाहेर पडले, काळेवाडीत एका स्टुडिओत गेले आणि विग काढून स्टुलावर बसले. फोटोवाले म्हातारे गृहस्थ होते. मला वाटलं, आता हे काहीतरी विचारणार. ते म्हणाले, "हनुवटी जरा वर घ्या, ताई." आणि फोटो काढला. बाहेर येऊन मी रिक्षात भरपूर रडले.

हा फोटो मैत्रीला दाखव. आईला दाखव. लपवून ठेव असं मी म्हणणार नाही. तुमच्याकडचं कुणी आमच्या क्लिनिकला निघालं असेल, तर त्यालाही दाखव. पत्र प्रभावतीबाई आणून देतील. आमच्याकडे झाडलोट करतात, तुमच्या तळेगावातच राहतात. त्यांना चहा दिल्याशिवाय सोडू नकोस.

रविवारी तुम्ही आला नाहीत की हे मला विचारतील. मी सगळं सोडून तुझ्याकडे येईन असं समजू नकोस, तेवढं बळ माझ्यात नाही. पण तुला मीच कळवलं, हे मी ह्यांच्या तोंडावर सांगणार आहे. पुढं काय होईल ते होवो.

एवढं कर. मैत्रीच्या डोक्यावरून हात फिरवशील तेव्हा चाईची जागा चुकवू नकोस. तिथं दुखत नाही, ताई. तिथं फक्त कुणी हात लावत नाही.

तुझी,
तनू