वादिम माझा भाऊ नाही

तीर्थस्वरूप क्लावा मावशीस,

रईसाचा समुद्रापलीकडून वाकून नमस्कार (गुडघे जेवढं वाकू देतात तेवढाच, गोड मानून घे). तुझं ब्लडप्रेशर काय म्हणतंय? बाल्कनीतली कोबीच्या लोणच्याची बरणी यंदाच्या थंडीत तडकली की वाचली? काका अजून रेडिओशी भांडतात का? तिकडे करागांदात हाडं गोठत असतील, इथे पृथ्वीच्या खालच्या टोकाला, मार देल प्लाता शहरात भर उन्हाळा, मी पंख्यासमोर बसून घाम पुसत लिहितेय. माझी तब्येत विचारशील तर अशी ठणठणीत कधीच नव्हती. मावशी, मी सुटले. माझा घटस्फोट झाला! आधी खाली बस, चहा ओतून घे, आणि मग पुढचं वाच.

तुला ठाऊकच आहे, वादिम वेगळा राहायला लागून वर्षं लोटली. माणूस वाईट नाही. दारू बेताची, हात कधी उगारला नाही. पण कागदावर मी त्याची बायको, म्हणून त्याच्या प्रत्येक उपद्व्यापाचा फोन मला. शेजाऱ्याचा गीझर दुरुस्त करायला गेला आणि अख्ख्या इमारतीची वीज घालवून बसला, फोन मला. बंदरावर गळ टाकून बसला, मागून एक धिप्पाड सील धक्क्यावर चढला आणि वाटेत आडवा झोपला, तरी फोन मलाच. ‘बाई, तुमचे यजमान अडकलेत.’ अडकले तर अडकू देत ना, मी काय सीलला उठवू? (गेले होते. उठवला.) मला सुटका हवी होती ती वादिमपासून कमी आणि त्या फोनपासून जास्त. एवढ्यात त्याचं बेकरीवाल्या मिर्ताशी जमलं, आणि तिला लग्न रीतसर हवं. मी मनातल्या मनात मिर्ताला फुलं वाहिली (मोजून विषम, सम संख्येतली फुलं मेलेल्यांना, आणि मिर्ता मला चांगली जिवंत हवी होती).

इथे घटस्फोटाला कारण सांगावं लागत नाही, ही गोष्ट मला जरा खटकलीच, कारण माझ्याकडे कारणं भरपूर तयार होती. वकील मात्र लागतो. वकिलाला इथे डॉक्टर म्हणतात, त्यामुळे डॉक्टर ओफेलियांकडे वादिम पाठीचा एक्स-रे घेऊन आला. लग्नाचा दाखला आपल्या तिकडचा, रशियनमध्ये. तो भाषांतराला दिला. भाषांतर करणारी बाई अतिशय कसोशीची. आपल्या नावाच्या मध्ये वडिलांचं नाव लागतं हे इथल्यांना कळायचं नाही, म्हणून तिने वादिम झाखारोविचपुढे ‘झाखारचा मुलगा’ आणि रईसा झाखारोव्नापुढे ‘झाखारची मुलगी’ असं स्वच्छ लिहून दिलं. आता आमच्या दोघांच्याही वडिलांचं नाव झाखार, यावरून लग्नात तुम्ही सगळे पोट धरधरून हसला होतात, आठवतंय? आडनाव दोघांचं तेरेश्को. माझं माहेरचं आडनाव तिकडच्या शिक्क्याखाली बुडालेलं. कोर्टातल्या एलविराबाईंनी कागद वाचला, चष्मा पुसला, परत वाचला आणि छातीवर क्रूसाची खूण केली. सख्ख्या बहीणभावांचं लग्न!

इथवरही निभावलं असतं. पण बाईंनी वादिमलाच विचारलं, तुमचे आणि यांचे वडील एकच का? आपल्यात सासऱ्याला बाबाच म्हणतात, त्यात वादिमचा आमच्या बाबांवर फार जीव. त्याचे डोळे भरून आले. आपल्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाला, “हो. बाबा झाखार. माझे पण, हिचे पण. देवमाणूस होता.” बाहेर बाकांवर बसलेली माणसं उठून दारात गोळा झाली.

डॉक्टर ओफेलियांनी मला कोपऱ्यात घेतलं. म्हणाल्या (अर्धं थट्टेत, पण अर्धंच), हे तर बरंच झालं. बहीणभाऊ म्हटलं की लग्न मुळात झालंच नाही असं धरतील, घटस्फोटाची कटकटच मिटली. गरम पाव घेऊन सोबत आलेली मिर्ता टाळ्याच वाजवायला लागली. आणि वादिम म्हणाला, “होऊन जाऊ दे ना रईसा. काय फरक पडतो?”

काय फरक पडतो! मावशी, माझं डोकंच फिरलं. त्याचे गळ मांडीवर घेऊन मी विमानातून अर्धी पृथ्वी ओलांडली, त्याच्या आईचं शेवटचं आजारपण काढलं, त्याच्यासाठी रडले, त्याच्यामुळे रडले, आणि ते सगळं झालंच नाही? मला त्या लग्नातून सुटायचं होतं गं, ते पुसून टाकायचं नव्हतं. फार लागलं मनाला. रडू यायला लागलं, पण तोंडातून ओरडणं बाहेर पडलं, तेही निम्मं रशियन, निम्मं स्पॅनिश. आंबट सायीच्या डब्यात गळाची गांडुळं कोणी ठेवली होती? ती बोर्श्टच्या सुपात कोणाच्या वाटीत आली? वादिम म्हणाला, “मी डब्यावर लिहिलं होतं!” मी म्हटलं, “तळाला लिहिलं होतंस, मेल्या, तळाला! डबा उलटा करून जेवायचं का मी?” तो म्हणाला, माझ्या बोर्श्टमध्ये मीठच नसायचं. मी काय म्हणाले ते काका पत्र वाचत असतील म्हणून लिहीत नाही.

एलविराबाईंनी टेबलावर हात आपटला. “पुरे! मला तीन भाऊ आहेत. भावाशी असं कोणी भांडत नाही. ही बायकोच आहे.” आणि दोन्ही झाखार वेगवेगळे करून आणायला कागद परत पाठवला.

निकाल गेल्या आठवड्यात हातात पडला. मी कोर्टासमोरच्या चौकात ‘माते’ नावाचा इथला कडू चहा पीत एकटी बसले. फोन पर्समध्ये होता आणि तो वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी पलंगाच्या मधोमध झोपते. मावशी, इतकं हलकं मला लग्नाच्या आधीही वाटलं नव्हतं.

काकांना नमस्कार, मांजराला मासा.

तुझी, आता कागदावर कोणाचीच नसलेली,
रईसा

ता. क. कोर्टाच्या दारात जमलेल्यांनी पहिला भाग ऐकला, शेवट ऐकायला कोणी थांबलं नाही. काल फोन वाजला. ‘बाई, तुमचे भाऊ आमच्या गच्चीवर अँटेना लावायला चढलेत आणि शिडी पडलीय.’ मी सांगणार होते की तो माझा कोणी नाही. तोंडातून निघालं, “कुठली गच्ची?”

आणखी एक ता. क. खरं म्हणजे पत्र यासाठीच लिहिलं. वादिमची आई नाही, मग आपल्या रीतीने नव्या जोडप्याचं स्वागत करायला पाव-मीठ घेऊन कोण उभं राहणार? काल गच्चीवरून उतरल्यावर त्याने मान खाली घालून मलाच विचारलं. मिर्ता पाव भाजतेय. आमच्या लग्नात तू पावाखाली धरला होतास तो भरतकामाचा टॉवेल धुऊन, इस्त्री करून लगेच पाठव. पार्सलवर ‘करवलीस मिळावे’ असंच लिही, नाहीतर पोस्टातले विचारतील, नवऱ्याच्या लग्नात तुमचं काय काम? आणि काकांना विचारून ठेव, नवऱ्यापासून सोडवणारं कोर्ट मला सापडलं, भावापासून सोडवणारं कुठे असतं?