हाक आयकू येऊ नये म्हणून

शेलूबाजार,
९ जानेवारी २०२४

ती. देवमनदादास,
प्रभूत सलाम, वि. वि.

इकडे सगळं ठीक, असं लिहिणार होती, पण तुह्यापाशी खोटं चालत नाही. फोनवर बोलावं तर घरात सगळ्यायचे कान. म्हणून हा कागद.

सासूबाईले जाऊन महिना झाला. एकवीस तारखेले, रविवारी, मंडळीनं त्यायची स्मरण-उपासना ठेवली. पाळकसाहेब म्हणाले का रत्नमालाबाईनं त्यायचं आवडतं गीत म्हणावं, ते आयकतच तर त्या प्रभूकडे गेल्या. बाया मले पाहून डोळे पुसतात, अशी सून कोणाले भेटते म्हणतात. मले मेल्याहून मेल्यासारखं होते.

दादा, दोन वर्षं त्या अंथरुणावर होत्या. दिवसातून पन्नास हाका. मी भाकरी थापताना मोठ्यानं गीत म्हणत होती ते भक्तीनं नाही, त्यायची हाक आयकू येऊ नये म्हणून. त्या दिवशीबी त्यायनं दोनदा हाक मारली. मी आवाज चढवला. चारही कडवे पुरे करून गेली, तर सगळं संपलं होतं. पाणी पाह्यजे होतं का माहा हात, देवालेच ठाऊक. तेव्हापासून प्रार्थनेले बसली का नुसते आभार मानते. दुसरं बोलायची हिंमतच होत नाही. गीत म्हणू का नको, सांग.

लोभ उणा होऊ देऊ नको.
तुही,
रत्ना

धनज,
१३ जानेवारी २०२४

चि. सौ. रत्नास,
अ. उ. आ.

पोरी, तू चुकली. मी गोड करून सांगणार नाही. पण ज्याच्यापासून लपवून राह्यली, त्यानं ते तेव्हाच आयकलं होतं. त्याले आभाराचे शब्द कायले देते? लहानपणीबी तू गूळ चोरून, तोंड पुसून बाबासमोर शहाणी होऊन बसत होती, अन् मार मले बसत होता. देवापुढं तशी बसू नको. राग आला होता तर राग सांग. त्या जाव्या असं वाटलं असन तर तेबी सांग. रड, भांड.

आपली आई गेली तवा मी सहा महिने प्रार्थना केली नाही, अन् चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसत होतो. मंग एक दिवस गोठ्यात त्याच्यावर लय ओरडलो. बैलबी घाबरले. तेव्हापासून आमचं बोलणं सुरू हाय. गीताचं मले काहून विचारते? त्यालेच विचार.

वहिनी लसणाची चटणी पाठवून राह्यली. माया असू दे.
देवमन

शेलूबाजार,
२४ जानेवारी २०२४

ती. दादास,
प्रभूत सलाम, वि. वि.

पह्यले तुह्यावर रागच आला. पण शनिवारी घरात कोणी नव्हतं, तर सासूबाईच्या खाटेपाशी बसली. देवाले म्हटलं, मी थकली होती, त्या मराव्या असं मले वाटत होतं. त्यायले बरं कर म्हणून दोन वर्षं मागतलं ते तू आयकलं नाही, अन् हे बरं आयकलं. मंग माफी मागतली. लय रडली. उत्तर काही आलं नाही, पण समोर कोणीतरी बसलं हाय असं वाटलं.

रविवारी उभी राह्यली. गीत म्हटलं नाही, झालं ते सांगितलं. आमचे हे उठून बाहेर गेले, दोन दिवस माह्याशी बोलले नाहीत. मले वाटलं, झालं, संसार गेला.

काल संध्याकाळी ते चुलीपाशी येऊन बसले. म्हणाले का आईची हाक चुकवाले तेबी गिऱ्हाईक नसताना दुकान उघडं ठेवून बसत होते. दादा, हा माणूस आईच्या मातीलेबी रडला नव्हता, तो काल रडला. मंग आमी दोघं तिथंच गुडघ्यावर आलो, पण त्यायले शब्द फुटेना. मी म्हटलं, जसं मले सांगितलं, तसंच त्याले सांगा.

तुहा लोभ हाय, तो असाच राहू दे.
तुही,
रत्ना