तीन वेळा नको

प्रिय यान्नी,

तू शिवलेले बूट आजीच्या पायांत नीट बसले. टाच जरा घट्ट आहे, पण हे तुला कळवायचं नाही अशी मला ताकीद आहे. बटाटे निघाले आणि शाळेच्या व्हरांड्यात मक्याची कणसं वाळत टाकलीत. यंदा पहिलीत फक्त चार मुलं आली. बाकीची आईबापांबरोबर कारखान्यांच्या गावी गेली. सकाळी वर्गातली शेगडी मीच पेटवते आणि अजूनही धूर करते, त्यावरून चाओ हेडमास्तर अजूनही मला बोलतात. नॉर्वेहून मी या डोंगरातल्या शाळेत शिकवायला एका वर्षासाठी आले होते, त्याला आता आठ वर्षं झाली. मारेन हे नाव इथं कुणाच्या जिभेवर बसलंच नाही. मी मा बाई झाले ती झालेच.

पहिल्या वर्षी मी तुमच्या घरी आले होते, तो दिवस तुला आठवत असेल. तालुक्याच्या शाळेत राहून शिकायची एकच जागा आपल्या शाळेला मिळाली होती आणि ती तुझ्यासाठी घेऊन मी डोंगर चढून आले होते. आजीने मला चुलीच्या धगीने खालून तापणाऱ्या ओट्यावर बसवलं, पुढे अक्रोड ठेवले. मी जागेचं सांगितलं, तर ती हात हलवत म्हणाली, "नको हो बाई, आमची पोर मठ्ठ. तिला काय जमणार? तिच्या वर्गातल्या वेन्लीला द्या, ती हुशार." तू चुलीपाशी पाठमोरी उभी राहून शेवया ओढत होतीस. हातातली लड तुटली, तू ती गोळा करून पुन्हा मळायला घेतलीस. मी आजीचा शब्द मानला, अक्रोड खाल्ले आणि वेन्लीचं नाव कळवलं. डोंगरातली माणसं किती सरळ बोलतात, असं त्या दिवशी वहीत लिहूनही ठेवलं. चाओ हेडमास्तरांनी कागद पाहिला आणि नुसते खाकरले. पाहुणीची चूक तोंडावर कशी दाखवायची, हा त्यांचा संकोच. नव्या वर्षाचा वसंतोत्सव झाल्यावर तू दक्षिणेकडच्या कारखान्यांना जाणाऱ्या बसमध्ये बसलीस. पंधरा वर्षांची होतीस.

गेल्या महिन्यात आजीकडे जेवायला गेले होते. तिने वाडग्यात आणखी शेवया वाढल्या. मी म्हटलं नको, तिने वाढल्या. पुन्हा नको, पुन्हा वाढल्या. तिसऱ्यांदा वाढल्या तेव्हा मी मुकाट्याने खायला लागले, कारण पहिले दोन नको मानायचे नसतात, ही इथली रीत आता माझ्या अंगवळणी पडली आहे. आजी हसली. म्हणाली, "आता शिकलात बाई. तेव्हा मात्र एकदाच विचारून उठलात. तुम्ही वळणापर्यंत जाईस्तोवर मी दारात उभी होते. वाटलं, मागे फिराल."

मग ती चुलीत काटक्या सारायला वळली. मी वाडगा खाली ठेवला. यान्नी, त्या दिवशीचं तिचं नको खरं नको नव्हतंच. जगातल्या कुणालाही ते कळलं असतं, तुमच्या गल्लीतल्या कुत्र्यालासुद्धा. मला कळलं नाही. आठ वर्षं मी या गावात कौतुक करून घेतेय आणि तू तिथे कारखान्यात बुटांच्या टाचा चिकटवतेयस. मला क्षमा कर, असं लिहायलाही लाज वाटते.

तालुक्याच्या शाळेत आता मोठ्यांसाठी वर्ग निघालाय. तीन वर्षांचा आहे, राहायची सोय आहे आणि नाव द्यायला अजून बारा दिवस आहेत. गेल्या रविवारी फोनवर तुला विचारलं, तेव्हा तू म्हणालीस, "नको बाई, मला आता काय जमणार? दुसऱ्या कुणाला द्या." शब्द न् शब्द आजीचा. तुझं नको खरंच नको असेल, तर मी ते ऐकेन. पण तिसऱ्यांदा. हे पत्र म्हणजे माझं दुसऱ्यांदा विचारणं आहे: जागा आहे, येशील का? याचंही उत्तर नको आलं, तर बसचं तिकीट मी काढून ठेवलंय. तिसऱ्यांदा विचारायला तुझ्या कारखान्याच्या फाटकाशी येऊन उभी राहीन.

वळणावरून मागे फिरलेली, तुझीच
मा बाई