पावळीचं ड्रॉइंग

१३ जानेवारी, सोमवार

बँकेचं पत्र आलं. नमुन्याची एक पेटी आम्ही करायची, एक थोरल्यांनी, त्या बड्या कंपनीला आम्ही थोरलेच म्हणतो. दोन्ही बँकेच्या आवारात शेजारी शेजारी ठेवणार, तपासणार, आणि पसंत पडेल त्याला पुढच्या चाळीस. मालक प्रधानसाहेबांनी सगळ्यांना शेडमध्ये उभं करून पत्र वाचून दाखवलं. पेढे वाटले. पत्रा वळवणाऱ्या घाडीकाकांनी आपला पेढा कागदात गुंडाळून खिशात ठेवला, नातीसाठी.

मला काही आनंद झाला नाही. आम्ही एकतीस माणसं. कॉटन ग्रीनच्या या जुन्या गोदामात एका वेळी दोन पेट्या मावतात, तीही दुसरी तिरकी ठेवली तर. चाळीस कुठे करणार? पण शुभ बोल नाऱ्या म्हणतील म्हणून गप्प बसले.

बारा आठवडे.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ वळता वळता सासूबाईंनी पुन्हा विचारलं, तुम्ही तिथे नेमकं बनवता तरी काय. अकरा वर्षांत दहाव्यांदा. सांगितलं, कंप्युटरची खोली. पूर्वी कंपन्या आपल्या इमारतीत बांधून घ्यायच्या, वर्ष वर्ष लागायचं. आता आम्ही पत्र्याची अख्खी खोलीच, आमच्या भाषेत पेटी, शेडमध्ये तयार करतो. एसी, बॅटऱ्या, वायरी सगळं आत बसवतो आणि ट्रेलरवर चढवून पाठवतो. तिकडे वीज जोडली की चालू. त्या म्हणाल्या, म्हणजे दुकानातली तयार पुरणपोळी.

अगदी तसंच. फक्त आता जो तो पोळ्या लाटायला बसलाय.

१७ जाने., शुक्र.

प्र. सा. रोज सकाळी पेपर वाचून माझ्या टेबलाशी येतात आणि म्हणतात, सुजाता, बाजार वाढतोय. वडिलांच्या वेळी इथे विजेचे पॅनेल बनायचे. मग मोबाईल टॉवरच्या केबिनी, मग या पेट्या. चौसष्ट वर्षांचा माणूस, पण बाजार वाढतोय म्हणताना चेहरा दहावीच्या निकालाला उभ्या पोरासारखा होतो.

बँकेचं करारपत्र आज वाचून संपवलं. पान ६१ वर एक कलम आहे: पेटीची सर्व ड्रॉइंग, प्रत्यक्ष बांधली तशी, बँकेला द्यायची आणि ती बँकेच्या मालकीची. नेहमीचंच असेल. बाजूला बरोबरची खूण केली, पुढे गेले. साहेबांनी माझ्या खुणा बघून सही केली. ते नेहमी तसंच करतात.

४ फेब्रु.

आज जमिनीवर आखणी. घाडीकाकांची पद्धत: कागदावर काही असो, पेटी आधी शेडच्या फरशीवर खऱ्या मापात उतरली पाहिजे. दोरी खडूच्या पुडीत लोळवायची, दोघांनी दोन टोकं ताणून धरायची, मधे टिचकी मारायची. रेघ उमटते. भिंती, रॅक, बॅटऱ्या, सगळं.

आणि मग नियम. आखलेल्या भिंतीवरून कुणी चालायचं नाही. आत जायचं तर आखलेल्या दारातून. फोनवर बोलता बोलता साहेब आज सरळ भिंतीतून आत आले, तर काका म्हणाले, साहेबानू, भायर. साहेब बाहेर गेले आणि दारातून आले. कुणी हसलं नाही. कंप्युटरवर मी तीन आठवडे घालवले होते, पण बॅटरी बाहेर काढताना रॅकला अडकेल हे आज काका खडूच्या दारात उभे राहिल्यावर दिसलं. ड्रॉइंग बदललं. हातच्या कांकणाला आरसा कशाला.

२२ फेब्रु., शनि.

पावळी.

दाराच्या वर घाडीकाका पत्र्याची एक अरुंद पट्टी काढतात. बाहेर झुकलेली, आणि टोकाला पुन्हा खाली वळवलेली. पाणी तिथेच सुटून खाली पडतं, भिंतीला धरून दारात शिरत नाही. मालवणकडच्या त्यांच्या घराला कौलांच्या कडेची पावळी असते, ती डोक्यात ठेवून त्यांनी पहिल्यांदा केली आणि तेव्हापासून प्रत्येक पेटीला करतात. आजपर्यंत ती कुठल्याच ड्रॉइंगमध्ये नव्हती. हाताने वळवायची, डोळ्याने बघायची, झालं.

बांधली तशी ड्रॉइंग द्यायची म्हटल्यावर मला चैन पडेना. तीन दिवस काकांच्या शेजारी स्टूल टाकून बसले. प्रत्येक घडीचा कोन मोजला, कुठली घडी आधी, कुठली नंतर ते लिहिलं. काका वैतागले.

"ह्या कागदार कित्याक व्हया, बाय? हात सांगता तसो पत्रो वळता."

मी म्हटलं, काका, उद्या तुम्ही नसाल तेव्हा? ते म्हणाले, तेव्हा मी नसेन, माका काय त्याचा.

ड्रॉइंग नं. ४७. इतकं देखणं ड्रॉइंग मी आयुष्यात काढलं नव्हतं. कोपऱ्यात माझं नाव.

११ मार्च

एसीवाला माणूस आला होता. तो थोरल्यांकडेही माल देतो. त्यांच्या कारखान्याचं सांगत बसला. पत्रा एका टोकाने आत जातो, दुसऱ्या टोकाने पेटी बाहेर येते. वेल्डिंग यंत्र करतं. आठवड्याला दोन पेट्या, आणि आता शेजारची जमीन पण घेतली. आम्ही आमच्या एका पेटीच्या आठव्या आठवड्यात.

चहा त्याने मागून दुसऱ्यांदा घेतला. मला तो देऊ नये असं वाटलं.

३० मार्च, रवि., पाडवा

सुट्टी असून सगळे आले, पेटी परवा निघायची. कुणीतरी पेटीच्या छतावरच कोपऱ्यात गुढी उभी केली. घाडीकाकांनी दाराला आंब्याचं तोरण बांधलं, पावळीच्या आत, वारा लागू नये म्हणून. घोडपदेवहून त्यांची नात आली होती. पेटीत जाऊन आतून दार लावून बसली आणि म्हणाली, आजोबा, आवाजच येत नाही बाहेरचा. काका दिवसभर हे ज्याला त्याला सांगत होते.

मलाही वाटलं, होईल. लिहून ठेवते, म्हणजे नंतर नाकारता येणार नाही.

९ एप्रिल, बुध.

तपासणी. काल वीज जोडून दिवसभर आतून तापवल्या, दोन्ही पेट्या टिकल्या. आज दुपारी पाणी. आगीच्या बंबाचा पाईप लावून दारांवर अर्धा तास मारा. मग बँकेच्या देसाई मॅडमनी स्वतः दार उघडलं, खाली बसून उंबरठ्यावर हात फिरवला. आमच्या पेटीत कोरडा. थोरल्यांच्या पेटीत ओंजळभर पाणी.

थोरल्यांच्या पोरांचे चेहरे उतरले. शेजारी काका उभे होते, हाताची घडी. मीच त्यांचा दंड धरला. इतका आनंद मला माझ्या लग्नात झाला नव्हता, आणि मिलिंदला हे सांगून मोकळी झाले. तो म्हणाला, लग्नात तू उपाशी होतीस.

२३ एप्रिल

गेलं.

देसाई मॅडमनी साहेबांना आणि मला बोलावून घेतलं, फोनवर उरकलं नाही, एवढं खरं. म्हणाल्या, तुमची पेटी उत्तम आहे, मी इतकं नेटकं काम पाहिलेलं नाही. पण मला चाळीस हव्यात, दिवाळीच्या आत. तुम्ही किती द्याल? साहेब म्हणाले, चार. नेटाने केलं तर पाच. त्यांनी आकडा लिहून घेतला. मग म्हणाल्या, त्यांना दार सुधारून घ्यायला सांगितलंय.

परत येताना टॅक्सीत साहेब बाहेर बघत होते. शिवडीच्या जवळ आल्यावर म्हणाले, शेडमध्ये काही बोलू नकोस. माणसांना मी सांगेन, बेतानं. शेडमध्ये सगळे काम थांबवून बघत होते. साहेबांनी सांगितलं, बँकेचं अजून ठरत नाहीये.

घाडीकाका हातातला पत्रा खाली न ठेवता म्हणाले, "पाणी आत इला नाय. मगे आर्डर खंय जातली?"

मी माझ्या टेबलाशी जाऊन बसले.

६ मे, मंगळ.

सकाळी एक फोन. तरुण आवाज, अदबीने बोलणारा, थोरल्यांच्या डिझाईन विभागातून. म्हणाला, मॅडम, ड्रॉइंग नंबर सत्तेचाळीस, तुमचंच नाव आहे म्हणून विचारतो. यंत्रावर वळवताना टोकाला चीर जातेय. आधी बाहेरची घडी की आतली?

मला कळायला वेळ लागला. माझं ड्रॉइंग त्याच्यासमोर होतं. बँकेने दिलं. बँकेचंच आहे ते. पान ६१. खूण माझी.

त्याला चुकीचं सांगता आलं असतं. नुसतं माहीत नाही म्हणता आलं असतं. मी म्हटलं, आधी आतली. क्रम कोपऱ्यातल्या तक्त्यात दिलाय, नीट बघा. त्याने मनापासून आभार मानले.

एखाद्याने घर लुटायला यावं आणि आपण त्याला म्हणावं, जरा जपून, त्या कपाटाचं दार अडकतं. ही मी. अकरा वर्षं माझा नीटनेटकेपणा सगळे वाखाणत आले. आज त्याची किळस आली.

७ मे

साहेबांना कलमाचं सांगितलं. सगळं. वाचलं होतं, बोलले नाही, हे पण. वाटलं होतं ओरडतील. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, सही माझी आहे ना? मग झालं.

ओरडले असते तर बरं झालं असतं.

टॉवरच्या केबिनींचं एक जुनं काम आहे, ते ऑगस्टपर्यंत पुरेल. त्यानंतर जागा गोदाम म्हणून देणार. औषधांचे खोके ठेवायला कुणी विचारतंय. माणसांना कधी सांगणार विचारलं. म्हणाले, सांगतो. घाडींचं कसं सांगू तेच सुचत नाही, तू नको बोलूस.

१४ मे

थोरल्यांचं पत्र, मला नोकरीचं. डिझाईन विभागात, पद मोठं, घरी न्यायला गाडी. सोमवारपर्यंत उत्तर. फोन करून पाहिला, तिकडची बाई गोड. मी विचारलं, आमच्याकडे पत्र्याचं काम करणारी फार चांगली माणसं आहेत, त्यांच्यासाठी काही? ती म्हणाली, ते आता यंत्रच करतं मॅडम, आणि तुमच्या ड्रॉइंगमुळे आमचं ते काम फारच सोपं झालंय.

हे ती कौतुक म्हणून म्हणाली.

१६ मे, शुक्र.

मिलिंदशी भांडण. त्याचं म्हणणं सरळ आहे. शेड मी बंद पाडली नाही, मी नाही म्हटल्याने ती चालू राहणार नाही. बुडणाऱ्या बोटीत बसून कुणाचं भलं होणार. बरोबर आहे. त्याचं नेहमी बरोबरच असतं, तोच त्रास आहे. मी म्हटलं, घाडीकाकांना अजून माहीतही नाही. तो म्हणाला, मग सांग.

सासूबाई मधे पडल्या. सासरे गिरणीत होते, त्या बोलल्या की तिथलंच काढतात. म्हणाल्या, गेटाला कुलूप लागलं त्याच्या आदल्या दिवशी यांनी नवा डबा आणला होता, स्टीलचा, पाळीला न्यायला. कुणी सांगितलं नव्हतं. तो डबा अजून माळ्यावर आहे.

सासऱ्यांची गिरणी धंदा पडला म्हणून बंद झाली. आमची शेड धंदा वाढला म्हणून होतेय. थोडकाच वाढला असता तर आम्ही जगलो असतो. आता साहेब पेपर वाचतात आणि माझ्या टेबलाशी येत नाहीत.

१७ मे, शनिवार

ठरवून गेले होते. काकांना सांगायचंच. साहेब काही म्हणोत.

शनिवार म्हणून शेडमध्ये फारसं कुणी नव्हतं. मधली जागा झाडून, पुसून स्वच्छ केलेली. काका गुडघ्यांवर बसून आखत होते. दोन भिंती झाल्या होत्या. मी विचारलं, हे काय? म्हणाले, नवीन पेटी. कागद येईपर्यंत थांबलो तर आठवडा फुकट जातो, गेल्या खेपेला गेला तसा. या वेळी बारा नाही, दहा आठवड्यांत काढू. त्यांनी बोटांवर हिशेब करून ठेवला होता, कुणाला कुठे लावायचं, पत्रा कधी कापायचा. थोरले यंत्रावर करतात ना, मग आपण हातावर दाखवू. इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. काका, म्हटलं.

त्यांनी मान वर केली.

"दार खंयच्या बाजूक ठेवचा, बाय?"

मी म्हटलं, डावीकडे.

त्यांनी डावीकडे खूण केली. दोरीचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. म्हणाले, जरा धर गो, ताणून. मी भिंतीला वळसा घालून, जिथे दार होणार होतं तिथून आत गेले आणि टोक धरलं. पत्र पर्समध्ये, पर्स खांद्याला, दोन्ही हात दोरीला. काकांनी टिचकी मारली. रेघ सरळ उमटली. मग तिसरी भिंत, मग चौथी.

साडेबाराला घरी आले. हाताला खडू तसाच होता. सासूबाईंनी विचारलं, सांगितलंस? मी म्हटलं, सोमवारी.