सहज की कदाचित

१० जानेवारी १९९५, मंगळवार

सुदामला सस्पेंड केलं!

शाळेतून आले तर हा पलंगावर भिंतीकडे तोंड करून. आईला सांगितलेलं, डोकं दुखतंय. मी मागच्या दारी नेऊन खोदून विचारलं, तेव्हा खिशातून कागद काढला. चार्जशीट. सगळं इंग्रजीत.

गेल्या आठवड्यात आनंदनगरला त्याच्या कंपनीत वाफेची लाइन फुटली. हाताखालचा हेल्पर हिरामण दोन्ही पायांवर भाजला. चाळिशीचा माणूस, दवाखान्यात पडून आहे. सुदाम ऑपरेटर, व्हॉल्व्ह त्याच्या ताब्यातला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात याची जबानी झाली. हा मराठीत बोलला, क्लार्कने इंग्रजीत टाइप केलं, याने खाली सही ठोकली.

"वाचलं होतंस?"

"इंग्रजी होतं ताई."

बहीण हायस्कुलात इंग्रजी शिकवते, आणि हा!

जबानीतलं एकच वाक्य चार्जशीटमध्ये उचललंय — "The valve, which I could easily have closed, remained open." जो व्हॉल्व्ह मला सहज बंद करता आला असता, तो उघडाच राहिला. म्हणजे स्वतःच्या तोंडाने कबुली!

"तू 'सहज' म्हणालास?"

"नाही. 'कदाचित' म्हणालो. कदाचित बंद करता आला असता."

आई चुलीपाशी ऐकत होती. "एवढ्याशा शब्दानं नोकरी जाते होय?"

जाते. पण मी जाऊ देणार नाही.

११ जानेवारी

दहावी ब ला आज नेमकी who-which ची वाक्यं, म्हणजे आपली 'जो-तो'ची. त्यात could, must, may आले की क्रियाविशेषण कुठे घालायचं? दरवर्षी सांगते — could च्या मागोमाग, have च्या आधी. मुली पाठ करतात. मीही तशीच पाठ करून बी.एड. झाले.

आज फळ्यावर ती जागा रिकामी ठेवून खडू धरून उभी राहिले. तिथे easily बसतो, perhaps ही बसतो. परीक्षकाने दोन्ही वाक्यांना पुरे गुण दिले असते!

पुढच्या बाकावरची वेणू म्हणाली, "बाई, गाळलेली जागा का सोडली?"

तेवढ्यात घंटा झाली. चौथा तास भूगोलाचा होता म्हणून सुटले.

१३ जानेवारी

कंपनीच्या चौकशीला बाहेरचं कुणी चालत नाही. सोबत कामगारच हवा. म्हणजे मी दाराबाहेर! भगवान जायला तयार झालाय. सुदामच्याच शिफ्टचा, आणि जबानीच्या वेळी ऑफिसबाहेरच्या बाकावर होता. 'कदाचित' त्याने कानांनी ऐकलंय.

१५ जानेवारी, रविवार

भगवान सकाळीच अंबरनाथहून आला. मी जुनी पाटी काढली. दोघांना समोर बसवलं. पस्तिशीची मी, मुलांना शिकवताना कधी एवढं ओरडले नसेन!

भगवानचं डोकं चालतं, पण तोंड त्याहून जोरात. "ताई, आपण सरळ बोलू ना — क्लार्कने झोल केला."

"झोल म्हणायचं नाही. सिद्ध करायला लागेल. चुकीचा शब्द घातला, एवढंच म्हणायचं."

मग could not possibly have closed दाखवलं. बंद करणं शक्यच नव्हतं. आणि possibly उचलून could च्या आधी ठेवला, तर? कदाचित जमलं नसतं. शब्द तोच, एक घर सरकला, तर माणूस पार सुटतो किंवा अर्धाच सुटतो. हे मलाही काल रात्री व्याकरणाची तीन पुस्तकं उलटल्यावर नीट उमगलं. चौदा वर्षं शिकवतेय!

भगवान उडालाच. "मग ते पहिलंवालंच टाका ना! शक्यच नव्हतं. एकदम फायनल!"

सुदाम पाटीकडे बघत होता. हळूच म्हणाला, "हां ताई, तेच लिही."

"तू त्या दिवशी असं म्हणाला होतास?"

त्याने खडू उचलून परत ठेवला.

"मग नाही लिहिणार. बोललास तेच इंग्रजीत जाईल. कमी नाही, जास्त नाही."

आईने माझ्याकडे रागाने पाहिलं. सख्खा भाऊ, आणि ही पंतोजीण! मला कळतं तिचं. पण खोट्याने लढायचं असतं तर ती पाटी कशाला काढली असती?

१८ जानेवारी

सिंध्यांच्या वस्तीत, कॅम्प एकमध्ये, जबानीतला शब्द बदलून मिळावा असा अर्ज टाइप करून आणला. लाजवंतीबेन सिंधी, बाजारात कापडाच्या दुकानावर त्यांचा टायपिंगचा क्लास आहे. मजकूर वाचून चष्म्यावरून बघितलं. "टीचर, इतनी सी बात के लिए अर्जी? एक शब्द?"

"एकच. पण नीट मारा."

त्यांनी सवयीने could have perhaps असं मारलं. मी म्हटलं, perhaps आधी. "क्या फरक पडता है?" असं म्हणत नवीन कागद चढवला. खरं तर त्याने फारसा फरक पडत नाही. पण आता माझ्याने राहवत नाही.

२१ जानेवारी

आई बोलत नाही.

२४ जानेवारी

चौकशी झाली. मी अर्धी रजा टाकून कंपनीच्या गेटबाहेर उभी. वॉचमन दोनदा येऊन गेला, "मॅडम, किसका वेट करताय?"

भगवान बाहेर आला तो हात हलवतच. चहाच्या टपरीवर सगळं करून दाखवलं. चौकशी करणारा कल्याणचा वकील, म्हातारा, शांत. जबानी टाइप करणाऱ्या क्लार्कला बोलावलं. भगवानने विचारलं —

"साहेब, 'कदाचित'ला इंग्रजीत काय म्हणतात?"

"परहॅप्स."

"आणि 'सहज'ला?"

"ईझिली."

"सुदाम काय बोलला होता?"

क्लार्कने जबानीचा कागद पुढे ओढला. मग म्हणाला, "कदाचित बोलला असेल. घाईत होतो. मला वाटलं, अर्थ एकच."

पर्सोनेल ऑफिसर मध्ये पडले — असल्याने काय फरक पडतो? वकील म्हणाले, "फरक पडत नसेल, तर बदलायला तुमची हरकत नसावी." आणि स्वतःच्या पेनाने easily वर रेघ मारली!

भगवान हे सांगताना मी रस्त्यातच टाळी वाजवली. वॉचमन बघत होता. बघू दे! सुदाम मात्र कपातली साय बोटाने काढत बसला होता. थकला असेल.

३० जानेवारी

सुदाम कामावर रुजू! लेखी ताकीद, बाकी काही नाही. आईने पुरणपोळी केली. पहिली माझ्या ताटात वाढली, न बोलता. पोळी वाढणं हेच तिचं बोलणं.

वर्गात ती दोन वाक्यं फळ्यावर लिहिली, easily चं आणि perhaps चं. म्हटलं, एकाने माणसाची नोकरी जाते, दुसऱ्याने राहते. मुली पहिल्यांदाच गप्प बसून ऐकत होत्या. चौदा वर्षांत इतकं छान वाटलं नव्हतं.

१ फेब्रुवारी

हिरामणची बायको ठमाबाई दारात आली. आत या म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच उभी.

"बाय, तुज्या भावाची नोकरी राहिली, बरा झाला. पन आता त्ये कंपनीवाले आमच्या मानसावर घालतान. हिरामननीच व्हॉल्व उघडा ठेवला बोलतान. त्याला भरपाय पन नाय भेटणार."

"हिरामणभाऊ काय म्हणतात?"

"काय बोलतच नाय गो. भिंतीकं बघतो."

मी म्हटलं, घाबरू नका, मी त्यांचाही अर्ज लिहीन. इंग्रजीतला शब्द न् शब्द तपासून लिहीन. त्या हात जोडून गेल्या.

वळले तर सुदाम मागे उभा. जेवला नाही. पान तसंच ठेवून उठला.

२ फेब्रुवारी

पहाटे सुदाम माझ्या अंथरुणाशी येऊन बसला. म्हणाला, "ताई, लाइन फुटली तेव्हा मी तिथे नव्हतोच. गेटबाहेर सिगारेट ओढत होतो. हिरामणला सगळं ठाऊक आहे. दवाखान्यात मी त्याच्या पाया पडलो, तर म्हणाला, मी नाही सांगत कुणाला, तुझं लग्न व्हायचंय."

मी उठले. दिवा लावला. त्याला म्हटलं, चपला घाल. आधी ठमाबाईंकडे, मग कंपनीत.