खोडलेली स्कूटी

मंगळवार, संध्याकाळ

आज बाजाराचा दिवस, म्हणून फ्रिजवरची कामाची यादी नव्यानं लिहायले घेतली. राह्यलेली कामं नव्या कागदावर उतरवायची, ही माही पद्धत. पाह्यतो तं यायनं 'स्कूटी शिकणे' खोडून टाकलेलं! विचारलं, तं नवरोबा म्हणे, "दिवाळीपासून तेच लिहून राह्यली तू. होत नाही तं काऊन ठेवतं वं?"

होत नाही? की होऊ देत नाही? स्कूटी काढली की यायच्या शर्टाले इस्त्री, वन्सबाईच्या कुरडया, दोस्तायसाठी भजे. मंग स्कूटी कधी?

खोडायचंच ना? खोडलं. इस्त्री, कुरडया, भजे, सगळं. नव्या कागदावर एकच काम: स्कूटी शिकणे. चावी माह्या पर्समधी हाये. उद्या वरवटच्या ऑफिसात यायनं एसटीनं जावं.