दोन बोटांचा चष्मा

दि. ५, सोमवार

प्रिय आत्या,
सा. न. वि. वि.

कोच बाईंनी पहिल्याच दिवशी सगळ्यांचे फोन गोळा करून कपाटात कोंडले. घरची आठवण आली तर पत्र लिहा म्हणाल्या. फुटबॉलची स्पर्धा आपल्याच देशात आहे, टपाल दोन दिवसांत पोचतं. सतरा वर्षांखालच्या मुलींना पत्रं लिहायला लावणाऱ्या या जगातल्या एकमेव कोच असतील!

आमच्या पात्रता गटात चार देश. प्रत्येकाशी एकेक सामना, आणि पहिला येईल तोच मुख्य स्पर्धेला जाणार. बाकीच्यांनी गाशा गुंडाळायचा. काल पहिला सामना एक-एक असा बरोबरीत सुटला. त्यांचा गोल लांबून आला. मी गोलात उभी होते, पण मला चेंडू दिसला तेव्हा तो जवळजवळ नाकाशी होता. शिवाय ती पोरगी ऑफसाइड होती म्हणजे होतीच! पंचांना ओरडून सांगितलं, पण त्यांना आपली भाषा कुठली कळायला? मग मी दोन्ही हातांच्या बोटांची वर्तुळं करून डोळ्यांना लावली. चष्मा लावा! तुझंच, चष्मेवालीचं, नेहमीचं वाक्य. ते मात्र त्यांना बरोबर कळलं, आणि मला पिवळं कार्ड मिळालं.

माझ्या खोलीत आमची बचावपटू आहे. आवाजावरून तिला आम्ही भोंगा म्हणतो. जेवणघरातल्या फळ्यावर काय लिहिलंय तेही मी तिलाच विचारते, इथला खडू फारच फिका आहे.

बाबांना कार्डाचं सांगू नकोस. तुझा लोभ आहेच, तो कार्डामुळे कमी करू नकोस.

तुझी,
भिंगरी


दि. ७, बुधवार

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

सामना मी आणि तुझ्या बाबांनी दुकानातल्या टीव्हीवरच पाहिला, त्यामुळे लपवायचं काही राहिलं नाही. कार्ड निघालं तेव्हा दादाने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही ते मलाच मिळालंय. त्याचंही खरंच आहे म्हणा. रस्त्यात कुणाचा धक्का लागला की चष्मा लावा म्हणायची खोड माझीच. पण ते चष्मेवालीच्या तोंडी शोभतं, बाई! निदान गिऱ्हाईक तरी वाढतं.

एक सांगू? रागावू नकोस. ती पोरगी ऑफसाइड नव्हती. तुमची भोंगा तिच्यापेक्षा चांगली दोन पावलं गोलाच्या जवळ होती. पंचांचं बरोबर होतं.

त्यानंतर तुझं पत्र आलं. नाकाशी आलेला चेंडू, फिका खडू. मी ते तीनदा वाचलं. सोबत एक घडी घातलेला कागद आहे. त्यावर सहा ओळी आहेत, वर मोठी अक्षरं, खाली बारीक. भिंतीला लाव, वीस फूट मोजून उभी राहा, एकेक डोळा झाकून वाच आणि खरं ते कळव. पाठ करून वाचायचं नाही. तुझ्या बाबांनी चौदाव्या वर्षी तीच लबाडी केली होती.

वेळेवर जेवत जा. राग आला तरी उत्तर टाक, म्हणजे माझा जीव भांड्यात पडेल.

तुझी आत्या


दि. १०, शनिवार

प्रिय आत्या,
सा. न. वि. वि.

रागावले होते, म्हणून नमस्कार आधी उरकून घेतला.

काल दोन-शून्य जिंकलो. त्यांनी लांबून एकही फटका मारला नाही, देव पावला. तुझा कागद मी गादीखाली दडवला होता. भोंग्याने तो ओढून काढला आणि भिंतीला चिकटवला. उजव्या डोळ्याने तीन ओळी, डाव्याने अडीच. भोंगा सहावी ओळ दारातून वाचते.

आत्या, मला गेल्या वर्षीपासून माहीत आहे. तुला सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी चष्मा केला असतास, आणि चष्मेवाल्या गोलकीपरला कोण उभं करतं? बदली गोलकीपर माझ्याहून वीतभर उंच आहे.

आता खरी गोम ऐक. शेवटचा सामना ज्यांच्याशी आहे त्यांचे गुण आमच्याइतकेच, केलेले आणि खाल्लेले गोलही तितकेच. बरोबरी झाली तर ज्यांची पिवळी कार्डं कमी ते पुढे जाणार. त्यांची तीन, आमची चार. आमची तीन चेंडूसाठी झटताना मिळाली. चौथं माझं, नसत्या आगाऊपणाचं. म्हणजे आता माझ्यामुळे आम्हाला जिंकावंच लागणार. काय करू गं, लवकर सांग.

तुझी,
भिंगरी


दि. १२, सोमवार

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. गावाचे डोळे तपासते, आणि घरच्या पोरीला दिसत नाही हे मला टीव्ही बघून कळावं! रडले मी, लपवत नाही.

मग तोंड धुतलं आणि दुपारभर दुकान बंद ठेवून काचा घासल्या. नंबर तुझ्या ओळींवरून अंदाजाने काढलाय, संघाच्या डॉक्टरांकडून ताडून घे. काचा न फुटणाऱ्या, चौकट मऊ रबराची, मागे पट्टा. असा चष्मा चालतो, बाबांनी नियम दोनदा वाचून पाहिले.

एक अट आहे. घालण्याआधी बाईंना सगळं सांगायचं, गेल्या वर्षीपासूनचं. त्यांनी उंच मुलीला उभं केलं तर बाकावर बसून टाळ्या वाजवायच्या. लपवून खेळणं म्हणजे बाकीच्या दहा जणींना फसवणं.

कार्डाचं मनाला लावून घेऊ नकोस, असं मी म्हणणार नाही. थोडं लागू दे. त्यातला अर्धा वाटा माझा आहे, तो मी घेतलाय. जिंकलीस, हरलीस, बाकावर बसलीस, तरी आमची माया तेवढीच.

तुझी आत्या


दि. १७, शनिवार

प्रिय आत्या,
सा. न. वि. वि.

बाईंना सांगितलं. त्यांनी अशी खरडपट्टी काढली की विचारू नकोस. कार्डाबद्दल कमी, लपवल्याबद्दल जास्त. डॉक्टरांनी नंबर पाहिला आणि ठीक म्हणाले. मग बाईंनी दोन दिवस मला आणि त्या उंच मुलीला लांबून फटके मारून मारून बेजार केलं. काल सकाळी त्यांनी नाव वाचलं ते माझं.

आत्या, लाथ बसल्याबरोबर चेंडू कुठल्या बाजूने फिरतोय ते दिसतं! हे बाकीच्यांना रोज दिसत होतं? लांबून सात फटके आले, सातही धरले. कुणालाच कार्ड मिळालं नाही. पण आमच्या पुढच्या पोरींनाही गोल करता येईना. शेवटची शिट्टी झाली आणि मी समोरच्या टोकाच्या फलकाकडे पाहिलं. इथे आल्यापासून पहिल्यांदाच तो मला वाचता आला. शून्य-शून्य होतं. आम्ही बाहेर.

मी सगळ्यांची माफी मागितली. भोंगा माझ्यावर खेकसली की एक गोल केला असता तर तुझ्या कार्डाला कुणी विचारलं नसतं, आणि स्वतःच भोकाड पसरून रडायला लागली. मग सगळ्याच रडलो. चष्म्यात रडू नये गं, सगळं धुरकट होतं. काढून पुसला आणि परत घातला.

तेव्हा पलीकडे मला ते दिसले, पहिल्या सामन्याचे पंच. काल राखीव म्हणून आले होते. ते माझ्याकडेच बघत होते. त्यांनी दोन्ही हातांच्या बोटांची वर्तुळं केली आणि डोळ्यांना लावली. मी कान पकडले.

अख्खं मैदान मध्ये होतं, आत्या. तरी ते हसले ते मला दिसलं.

उद्या येते. तोवर आहे तसाच जीव लावत राहा.

तुझी डोळस,
भिंगरी